अबोल्यात गोठलेला गिअर

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर तुम्हाला ट्रकखाली उताणे शिरावे लागेल. तेल आणि चिखलाने माखलेला, हाताएवढा लांब असा एक जुना हवेचा सिलिंडर तिथे दिसेल. तोच मी. माझी रचना सायकलच्या पंपासारखी आहे. एका बाजूने दाबाची हवा आली की माझा दांडा पुढे सरकतो आणि दुसऱ्या बाजूने आली की मागे. मला येते ते एवढेच.

कारखान्यात माझी पोलादी नळी आतून आरशासारखी घासली गेली. तपासणाऱ्या बाईंनी मला पाण्याच्या टबात बुडवले आणि बुडबुडे येतात का ते पाहिले. एकही आला नाही. मग माझी रवानगी एका अवजड ट्रकच्या ट्रान्सफर केसवर झाली. ही पेटी इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना वाटून देते. तिच्यात दोन गिअर असतात: एक सपाट रस्त्यावर पळण्याचा आणि दुसरा चढावर नेटाने ओढण्याचा. पूर्वी चालक हा गिअर दांडा खेचून बदलत आणि घामाघूम होत. माझ्या ट्रकमध्ये केबिनमधले बटण दाबले की हवा माझ्याकडे धावत येते, मी गिअर टाकतो आणि चालकासमोर हिरवा दिवा लागतो.

हा ट्रक दोन बहिणींचा होता. अडकलेली वाहने ओढून काढणे हा त्यांचा धंदा. त्यांचे वडील जुने मेकॅनिक. खांदा निकामी झाल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडले, पण हवेवर हलणारा गिअर काही त्यांच्या पचनी पडेना. वाऱ्यावरची वरात, म्हणायचे ते. पहिल्याच खड्या चढावर मी बिनबोभाट गिअर टाकला, तेव्हा त्यांनी पान्याने माझ्यावर हलकेच टकटक केले. त्यांची शाबासकी तशीच असे.

थोरली मितभाषी होती. ती ट्रक पूर्ण थांबवल्याशिवाय बटणाला हात लावत नसे आणि दिवा लागल्याशिवाय पुढे सरकत नसे. असा संयम मी फार थोड्यांत पाहिला. धाकटीची जीभ कात्रीसारखी, पण हातही तसेच चपळ. दोर आणि हुक तिच्याकडे. दाबलेल्या हवेत ओल असते, तिचे पाणी टाकीच्या तळाशी साठते. रोज संध्याकाळी टाकीखालची तोटी उघडून ते सोडून देण्याचे कामही तिचेच.

एकदा दोघींचे बिनसले. धाकटीला घाटात ट्रक चालवायचा होता आणि थोरली ऐकेना. धाकटी म्हणाली, "तुला माझे फक्त हात हवेत, डोकं नको." झाले, अबोला सुरू झाला. एकाच केबिनमध्ये बसून दोघी दोन दिशांना पाहत. चहासुद्धा एका थर्मासचे दोन थर्मास झाले. धाकटीने रागाने तोटीचे काम सोडले. थोरलीच्या ते लक्षात आले, पण सांगायचे म्हणजे आधी बोलायला हवे. पाणी टाकीतून नळीत आणि नळीतून माझ्यापर्यंत आले.

अशातच कडाक्याच्या थंडीत एका सकाळी घाटातून बोलावणे आले. दुधाच्या टँकरचे मागचे चाक रस्त्याच्या कडेवरून खाली घसरले होते. हँडब्रेक धरत नव्हता, त्यामुळे चालक ब्रेकवरचा पाय न काढता आत बसून होता. थोरलीने डोंगराच्या बाजूने अंग चोरून ट्रक त्याच्या पुढे काढला. धाकटीने मागे दोर बांधला. थोरलीने ओढायच्या गिअरचे बटण दाबले.

मी अर्ध्यावर अडकलो. नळीतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. दिवा लागला नाही. ना हा गिअर, ना तो. ट्रकचे ब्रेक घट्ट होते, पण इंजिन नुसतेच गुरगुरत होते आणि चाकांपर्यंत ताकदीचा थेंबही पोहोचत नव्हता. मागे टँकरखालची माती ढासळू लागली.

धाकटीने कुणी न सांगता ट्रकच्या चाकांमागे लाकडी ठोकळे ठोकले. थोरली आपला थर्मास घेऊन ट्रकखाली शिरली आणि तिने कढत चहा माझ्यावर आणि नळीवर ओतला. मी थोडा सरकलो, पुन्हा थांबलो. थर्मास रिकामा झाला. भांडणानंतर जन्मात कधी स्वतःहून आधी न बोललेली थोरली ट्रकखालून म्हणाली, "तुझा चहा दे गं."

धाकटीने केबिनमधून आपला थर्मास आणला. तो खाली सरकवत ती म्हणाली, "साखर जास्त आहे."

"असू दे. वर बस आणि बटण दाबून ठेव. दिवा लागला की सांग. मी बाहेर आले की ओढायचं."

"मी?"

"मग कोण? मी इथे चिखलात आडवी आहे."

तो गोड चहा अंगावर आला, बर्फ सुटला आणि मी सारा जोर लावून दांडा सरकवला. वरून आवाज आला, "ताई, लागला!" थोरली बाहेर आली, तिने ठोकळे काढले आणि टँकरवर नजर ठेवून हाताने खूण केली. धाकटीने घाई केली नाही. दोर ताणला, टँकर करकरला आणि इंचाइंचाने रस्त्यावर आला. थोरलीने त्याच्या चाकांमागे ठोकळे लावले, तेव्हा कुठे चालकाने ब्रेकवरचा पाय काढला. माझ्या आयुष्यात मी अनेक ओझी ओढली, पण ॲक्सिलरेटरवर इतका हलका पाय ठेवून ओढलेले ओझे तेच.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला उघडले, रबरी सील बदलले आणि पाणी सोडायला कोण विसरले, असे विचारले. दोघी एकदमच म्हणाल्या, "मी." वडिलांनी फडके उचलले. त्यांनी माझ्या अंगावरची चिकट साखर पुसून काढली.

त्यानंतर घाटात ट्रक धाकटीने चालवला आणि थोरलीने दोर सांभाळला. मी आता झिजलो आहे, लवकरच माझ्या जागी नवा सिलिंडर येईल. मित्रांनो, तुमच्या घरीही अशी न दिसणारी यंत्रे असतील. ती बिघडल्याशिवाय कुणाला आठवत नाहीत. त्यांना रोज थोडे पाहा, पुसा, तेल घाला. आणि एकमेकांवर रुसायचे असेल तर खुशाल रुसा. फक्त त्या दिवसांत त्यांची काळजी कोण घेणार, तेवढे आधी ठरवून घ्या.