नकाशेवाल्या बाईंच्या मनगटाचं माप

मनगट बघून मी माणूस ओळखते, असं मी शाळेत सगळ्यांना सांगते. थोडी फेकाफेक आहे त्यात, पण अगदीच थाप नाही. शाळा सुटली की मी काकांच्या दुकानात असते. आमच्याकडे फक्त ब्रेसलेट मिळतात आणि तीही नाजूक. हार, अंगठ्या, कानातलं काही नाही. मागच्या टेबलावर काका वाकून कड्या जोडतात, गल्ल्यावर काकू, आणि काउंटरवर चक्क मी. वर्षापूर्वी अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून साधं "या" फुटत नव्हतं. आता काकू मला रेडिओ म्हणते.

"रेडिओ, गिऱ्हाइकाला श्वास तरी घेऊ दे गं."

पण सांगायला नको का? साखळीचं ब्रेसलेट असेल तर साखळी आणि मनगटाच्या मधे एक बोट सहज गेलं पाहिजे. दोन गेली तर सैल, एकही नाही गेलं तर वळ उठणार. उघडं कडं, म्हणजे ज्याची दोन टोकं जुळत नाहीत ते, समोरून दाबून घालायचं नाही. मनगटाच्या बाजूने सरकवायचं, हाड संपतं तिथून. लोक हमखास वाकवतात, आणि मग काका माझ्याकडे असे बघतात जसं काही मीच वाकवलं. खड्यांची एकेरी ओळ असेल तर तिच्या शेजारी दुसरं काही नको, खडे घासतात. एकावर एक घालायची हौस असेल तर तीन, तिन्ही वेगळ्या जाडीची. चौथं घातलंत की तुम्ही माणूस नाही, आमच्या दुकानाची काच दिसता!

नकाशेवाल्या बाई पहिल्यांदा माझ्या वाट्याला आल्या तेव्हा मी अशीच सुटले होते. त्या शहराच्या कचेरीत नकाशे काढतात. बोटांना कायम शाई. उजव्या हातात आमच्याच दुकानातली पातळ साखळी. "दोन कड्या काढून दे गं," म्हणाल्या.

"अय्या मावशी, बारीक झालात की! काय करता? मलाही सांगा ना."

"काही नाही, आजारी पडायचं. अगदी खात्रीचा उपाय आहे."

त्या हसल्या, म्हणून मीही हसले. खो खो हसले. काउंटरखाली काकूने माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मग कान असे तापले की विचारू नका.

आमच्याकडे मापांची एक वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, त्यावर तारीख आणि मनगटाचं माप. बाईंच्या पानावर तीन वर्षं एकच आकडा होता, साडेसहा इंच. मी त्याखाली सहा लिहिलं. पुढच्या महिन्यात पावणेसहा. मग साडेपाच.

साडेपाचच्या दिवशी त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "रेडिओ, तुझ्याशी काम आहे. कड्या काढून भागत नाही आता."

त्यांची मुलगी लांबच्या शहरात शिकते. ही साखळी तिने पहिल्या शिकवणीच्या पैशातून आईला घेतलेली. दर रविवारी दोघींचा व्हिडिओ कॉल असतो आणि बाईंना हनुवटीखाली हात घेऊन बोलायची सवय. गेल्या रविवारी मुलगी म्हणाली, आई, ते ब्रेसलेट कोपरापर्यंत का घरंगळतंय?

"चेहऱ्याचं मी बघते," बाई म्हणाल्या. "पावडर आहे, खिडकीकडे पाठ करून बसते. हाताचं काय करू ते सांग."

"पण तिला सांगत का नाही तुम्ही?"

"दोन महिन्यांवर शेवटची परीक्षा आहे तिची. कळलं तर सगळं टाकून पळत येईल. परीक्षा बुडेल, आणि मी काही बरी होणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. मग दोन्ही कशाला घालवायचं? पेपर झाले की मीच सांगणार आहे. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि खरं सांगते, तेव्हा मला दुःखापेक्षा अंगावर काम आल्याचाच जास्त उत्साह होता. मी त्यांना लांब बाह्यांचा, मनगटाशी घट्ट बटणाचा सदरा घालायला सांगितला. साखळी त्या बाहीवरून. कापडाची जाडी धरली की मनगट भरलेलं दिसतं. साखळीच्या मागे, कोपराच्या बाजूला, एक बारीक उघडं कडं, म्हणजे साखळी मागे घरंगळत नाही. आणि हात हनुवटीखाली नाही, गालाला. आरशासमोर तीनदा तालीम घेतली मी त्यांची.

"शाळेत नाटकात आहेस का गं तू?"

"नाही, पण आता जाणारच आहे!"

सोमवारी त्या कचेरीतून थेट दुकानात आल्या. "पास! आई, छान दिसतेस म्हणाली!" मी काउंटरमागे एक गिरकी घेतली. बाई टाळ्या वाजवत होत्या. माप घेतलं तर सव्वापाच भरलं. काकू मात्र गल्ल्यातून मान वर न करता म्हणाली, "नाचायचं झालं असेल तर पुस्तकं काढ."

त्यानंतर गुरुवारी दुपारी दुकानाचा फोन वाजला. काकू बाहेर गेली होती. काकांच्या हातात पेटता बर्नर होता, म्हणून मी फोन उचलला.

"तुम्हीच का त्या काउंटरवरच्या? आई सांगते तुमच्याबद्दल. फार बडबड करते म्हणे!"

मला आवाजावरूनच कळलं कोण ते. हीसुद्धा माझ्यासारखीच, थांबायचं नाव नाही. आईला अचानक काहीतरी द्यायचं होतं तिला. बिजागरीचं कडं, उघडून मिटायचं, आतून एक अक्षर कोरलेलं. परीक्षा झाली की ती स्वतः येऊन आईच्या हातात घालणार होती.

"ते अगदी मापात लागतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? साखळीची कडी काढता येते, बिजागरीचं कडं एकदा घडलं की कमी होत नाही. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते.

"माप आहे ना तुमच्याकडे? वही असते म्हणे तुमची."

वही माझ्या समोरच होती. पान उघडलेलं नव्हतं, मी उघडलं. साडेसहा, सहा, पावणेसहा, साडेपाच, सव्वापाच. एकाखाली एक, पहिला सोडला तर माझ्याच अक्षरात.

"हॅलो? सापडलं का?"

"हो."

"किती?"

शब्द दिला होता मी. "साडेसहा," मी म्हणाले.

पलीकडे ती मोठ्याने हसली. इतकी मोकळी हसली. "अगं, म्हणजे आहे तेवढंच! वेडी मी. मला उगाच वाटत होतं ती खराब झालीय. परवाचं तिकीट काढून ठेवलं होतं मी, कोणाला न सांगता. जाते आता, रद्द करते. फार बरं केलंस बघ!"

"थांबा, ताई, एक मिनिट..."

फोन ठेवला होता तिने.

मी परत लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. काकांनी बर्नर विझवला आणि पुढे आले. "काय झालं? तोंड का असं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, अगदी सदऱ्यासकट. काका ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मग लाव ना परत."

"लावून काय सांगू, काका? मावशींनी शब्द घेतलाय."

काकांनी कान खाजवला. मला वाटलं आता ते काहीतरी सांगतील, मोठे आहेत शेवटी. "मलाही सुचत नाही गं," ते म्हणाले, आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसले. बर्नर पेटवला नाही.

सहाच्या सुमाराला बाई आल्या. दार ढकलायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मी पळत जाऊन दार धरलं आणि त्या बसायच्या आधीच बोलून टाकलं. तिचा फोन आला होता, कडं हवंय, माप विचारलं, मी साडेसहा सांगितलं.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं तू..."

"मावशी, तिने परवाचं तिकीट काढलं होतं. ती येणार होती. माझं ऐकून रद्द करते म्हणाली."

बाईंचा हात स्टुलाच्या कडेवर होता. तिथेच राहिला.

"परवा?"

"हो."

"म्हणजे शनिवारी." त्या बसल्या. "शनिवारी ती इथे असती."

"लावू का फोन? आत्ता लावते. कदाचित अजून रद्द केलं नसेल."

"लाव," त्या एकदम म्हणाल्या.

मी नंबर लावला. या वेळी रिंग गेली. एक, दोन. बाईंनी हात पुढे करून फोन माझ्याकडून घेतला, कानाला लावला आणि तिसऱ्या रिंगला बंद करून काउंटरवर ठेवला.

"आठच आठवडे आहेत," त्या म्हणाल्या. "आठ आठवडे काढीन मी. काढीन ना गं?"

कुठलं ब्रेसलेट कसं घालायचं ते मी कोणालाही सांगू शकते. मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं. पहिल्यांदा कड्या काढल्या तेव्हा एक बोट जात होतं, आता साखळी आणि मनगटाच्या मधे तीन गेली असती.

त्यांनी नेहमीसारखा हात काउंटरवर ठेवला. मी साखळीचा फासा सोडला. सोडायची गरजच नव्हती, साखळी हातावरून तशीच निघाली असती.

"त्या बिजागरीच्या कड्याला तार कापायला घेतोय," मागून काका म्हणाले. "माप काय धरू?"

मी बाईंकडे बघितलं. बाई फोनकडे बघत होत्या.

"अगं, माप," काका पुन्हा म्हणाले.