अठ्ठावन्न वेढे

वस्तीत तिला सगळे वाइंडरबाई म्हणत. वय जेमतेम चोवीस. भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत ती जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायची. मोठ्या मोटारी चालवून बघायला थ्री-फेज वीज लागते. त्या मागासलेल्या भागात तरुणांना धंद्यासाठी म्हणून एका संस्थेने शेड बांधली होती, तिथे ही वीज होती. शेड एक, अर्ज दोन: एक तिचा, एक टायरवाल्याचा. कोणाच्या अंगी उद्योजकाचे गुण आहेत हे तपासायला संस्थेचा माणूस चाळीस प्रश्न घेऊन आला, तेव्हा ती वखारवाल्याच्या मोटारीची तार फर्म्यावर गुंडाळत होती. वखारवाला दारात खोळंबला होता.

"नव्या माणसांशी बोलायला आवडतं?"

"एकवीस," ती म्हणाली.

वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो, ती वेढे मोजतेय. आवडतं म्हणून लिहा."

पुढची उत्तरं वहिनीनेच दिली. तिच्या सांगण्यावरून नणंद धडाडीची, हजरजबाबी आणि माणसांत रमणारी ठरली. संस्थेच्या माणसाने ते लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, शंका असली तरी काम पुढे रेटता का? याचं उत्तर मात्र अर्जदारानेच द्यायचं होतं.

तिचा हात थांबला. सत्तेचाळीस झाले होते की अठ्ठेचाळीस, आठवेना.

"हो म्हण," वहिनी कुजबुजली.

ती तार उलगडू लागली. वखारवाला वैतागला. सकाळपासून करवत बंद आहे, एका वेढ्याने काय आभाळ कोसळणार आहे, म्हणाला. वेढे कमी-जास्त झाले की मोटार तापते, एवढं सांगून तिने पहिल्यापासून मोजायला घेतलं.

माणूस पेन उघडून बसून राहिला. अठ्ठावन्न झाले, गाठ बसली, तेव्हा ती म्हणाली, "नाही लिहा."

"हो लिहिलं तर शेड तुम्हाला मिळेल," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही बघितलंत ना आत्ता."

त्याने 'नाही' लिहिलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. शेड टायरवाल्याला मिळाली होती. वहिनी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी वखारवाला आला. मोटार छान चालतेय वगैरे काही तो म्हणाला नाही. माझ्याकडे थ्री-फेज आहे, करवत सुरू व्हायच्या आधी तासभर तुझ्या मोटारी आणून बघत जा, एवढंच म्हणाला.

वहिनी हातातलं टाकून बाहेर आली. "आता यालाही नाही म्हणालीस तर बघ."

"आधी अर्थिंग तपासते," ती म्हणाली, आणि मीटर घेऊन वखारवाल्याच्या मागोमाग निघाली.