एकाच पेशंटला दोन मशीन

गंधालीने लॅपटॉप उचलला, चार्जरची वायर तशीच लोंबकळत ठेवली आणि सरळ यज्ञेशच्या टेबलाशी जाऊन त्याच्या जेवणाच्या डब्यावरच तो ठेवला.

"मुलुंडहून परत फोन. एक मशीन रिकामं पडलंय आणि पेशंट बाहेर बसलाय. बघ तुझा सर्व्हर."

"माझा सर्व्हर सकाळपासून चालू आहे," यज्ञेश म्हणाला. "तू तुझा कोड बघ."

अंधेरीच्या त्या ऑफिसात हे भांडण इतकं जुनं झालं होतं, की आसपासचे लोक आता मानही वर करत नसत. मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरसाठी कंपनीने बुकिंगचं अॅप बनवलं होतं. अॅप लिहायचं काम गंधालीचं, ते ज्या सर्व्हरवर चालतं तो सांभाळायचं यज्ञेशचं. गेले काही महिने अधूनमधून एकाच पेशंटचं नाव दोन मशीनवर चढत होतं. मग एक मशीन रिकामं राही, पण अॅपमध्ये भरलेलं दिसे, आणि पाय सुजलेल्या, दम लागलेल्या दुसऱ्याच कुणाला तरी जागा नाही म्हणून परत पाठवावं लागे. दोष कुणाचा, यावर दोघांनी एकमेकांना इतके मेल पाठवले होते, की तेवढ्या कष्टात अॅप नव्याने लिहून झालं असतं. एका गोष्टीवर मात्र त्यांचं झटकन एकमत झालं होतं. काउंटरवरच्या बाई बटण दोनदा दाबत असणार. सेंटरच्या सरांना त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं.

आजचा फोन त्याच बाईंचा, पद्मजाताईंचा होता.

"काउंटरवरून काढतायत त्यांना," गंधाली म्हणाली. "परत झालं तर घरी बसा, असं बजावलं होतं सरांनी, आणि आज झालंच. नवरा आजारी आहे, घर त्यांच्याच नोकरीवर चाललंय. आणि त्या शपथ घेऊन सांगतायत, एकदाच दाबलं म्हणून."

यज्ञेशने लॅपटॉपखालून डबा ओढून घेतला. मग पायानेच शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. तू अॅपची नोंद उघड, मी सर्व्हरची उघडतो. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

इतक्या दिवसांत दोघांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. आपापली बाजू साफ आहे, एवढं दाखवायला आपापली नोंद पुरत होती.

"हे सकाळचं बुकिंग," गंधाली बोट फिरवत वाचू लागली. "आलं, मशीन मिळालं. आणि लगेच... तुझा सर्व्हर बंद पडलाय इथे."

"बंद नाही पडला. अडकला की तो आपला आपण परत सुरू होतो. मी तशी सोय करून ठेवलीय."

"कधीपासून?"

"झाले की महिने. सारखे फोन येतात ना यार."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? बघा, सर्व्हरच अडकतोय."

ती अगदी हेच म्हणाली असती. तिला त्याचा भयंकर राग आला, पण तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तेच बुकिंग, तोच पेशंट, लगेच दुसऱ्यांदा आलेलं. उत्तर आलं नाही तर अॅपने बुकिंग पुन्हा पाठवावं, अशी व्यवस्था तिनेच केली होती. सर्व्हरवाल्यांच्या नादी कोण लागणार, म्हणून गुपचूप.

"काय झालं?" यज्ञेशने विचारलं.

"दोनदा मीच दाबतेय," ती म्हणाली. "माझं अॅप. तू मध्येच सर्व्हर बंद-चालू करतोस, मला उत्तर मिळत नाही, मग ते परत पाठवतं. तुझ्याकडे ते नवीन बुकिंग म्हणून चढतं."

"वाट लागली," यज्ञेश हळूच म्हणाला.

दुरुस्तीला एक चहा थंड व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला, आणि त्याचीच दोघांना जास्त चीड आली. सरांना मेल गेला. खाली कुणाचं नाव आधी, यावर थोडी धुसफूस झाली, पण नावं दोन्ही गेली. मग गंधालीने मुलुंडला फोन लावला आणि आवाज यज्ञेशलाही ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, सापडलं. चूक आम्हा दोघांची होती. तुम्ही एकदाच दाबत होतात. सरांना तसं लिहून पाठवलंय. तुम्हाला आता कुणी काढणार नाही."

पलीकडे कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. मग पद्मजाताईंनी विचारलं,

"म्हणजे माझा हात चांगला आहे?"

"हात?"

"सगळेच म्हणायला लागले ना, तुमचं बोट दोनदा पडतं. तुमचा मेलपण दाखवला सरांनी. मग मलाच वाटायला लागलं, पडत असेल, आपल्याला कळत नसेल. डॉक्टरांना दाखवलं मी. त्यांनी गोळी दिलीय, रोज रात्री अर्धी. दिवसभर नुसती झोप येते हो. मग ती आता बंद करू का मॅडम?"

गंधालीने यज्ञेशकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.