न सुटलेली स्की

मित्रांनो, मी एक जुनी स्की आहे आणि माझा मुक्काम ओमानमधल्या सोहारला, एका तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आहे. हसलात ना? हसून घ्या. जिथं मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा चटका देतं, तिथं बर्फावर घसरायच्या फळीचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. शेजारी वाळत घातलेल्या चादरींनाही तसंच वाटतं. एसीचं यंत्र माझ्या अंगावर दिवसभर गरम वारा सोडतं. त्यानं माझ्या पोटातला डिंक सुटत चालला आहे आणि टोकाशी माझे थर शेंगेच्या टरफलासारखे उकलायला लागले आहेत. पुरती उकलण्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकते.

खरं तर मी एकटी नाही. स्की नेहमी जोडीनं असते. माझी बहीण माझ्या पाठीला पाठ लावून उभी आहे, पण ती अबोल. आमच्यात डावी कोण आणि उजवी कोण हे ठरलेलं नसतं, त्यामुळं भांडायला निमित्तही नसतं.

आमचा जन्म फार लांब, युरोपातल्या डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. हलक्या लाकडाचा गाभा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, कडेला पोलादी धार आणि खाली काळा गुळगुळीत तळ, हे सगळं एकावर एक रचून तापलेल्या यंत्रात दाबलं की आम्ही तयार होतो. काही स्की झाडून-लोटून सपाट केलेल्या उतारावरच पळतात. त्या अरुंद आणि ताठ. काही ताज्या भुसभुशीत बर्फातच खुलतात. त्या चांगल्या रुंद. मी मधली. सकाळचा टणक उतार, दुपारचा चिखलासारखा बर्फ, झाडांमधली वाट, सगळीकडे माझं निभतं. अशा स्कीला ऑल-माउंटन म्हणतात. शहाणे लोक ‘ना धड इकडची, ना धड तिकडची’ म्हणून नाक मुरडतात. मुरडेनात का! जिला एकच जोडी घ्यायची आहे आणि पुढचा डोंगर कसा निघेल हे जिला ठाऊक नाही, तिनं डोळे मिटून मला घ्यावं.

त्यातही मी बायकांसाठी घडवलेली. म्हणजे गुलाबी रंग फासला आणि झालं, असं नव्हे. माझा रंग शेवाळी आहे. अंगानं मी हलकी आहे, वाकायला थोडी मऊ आहे आणि बूट अडकवायची जागा किंचित पुढं आहे, म्हणजे वळताना बाईला उगाच झगडावं लागत नाही.

मस्कतला लागून असलेल्या बौशरच्या एका मॉलमध्ये बर्फाचा मोठा हॉल आहे. बाहेर लोक घामानं निथळत असतात आणि आत जाड कोट घालून घसरत असतात. त्या हॉलला लागून असलेल्या छोट्या दुकानात मी उभी होते. तिथंच मला अंबरीन भेटली.

अंबरीन हॉलमध्ये मदतनीस होती. लहान मुलांना हेल्मेट घालायचं, पडल्यावर कसं उठायचं ते दाखवायचं, हे तिचं काम. मूळ रत्नागिरीकडची, पण जन्म ओमानचा. आकाशातून पडलेला बर्फ तिनं कधी पाहिला नव्हता, तरी त्या हॉलच्या छोट्या उतारावर ती अशी वळायची की मुलं खेळ थांबवून बघत बसायची. जॉर्जियाच्या डोंगरात प्रशिक्षकांची परीक्षा होती. ती पास झाली तर हॉलवाले तिला शिक्षिका म्हणून घेणार होते. नाही झाली, तर जन्मभर हेल्मेटच वाटायची. परीक्षेत सगळ्या तऱ्हेचे उतार असतात. भाड्याच्या आखूड स्कीवर ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती आपल्या अम्मीला, खुदेजाला, घेऊन दुकानात आली.

दुकानातला ताबिश लखनौचा. त्यानं आधी तिची उंची आणि वजन विचारलं, मग म्हणाला, “अब सच बोलना. तेज़ चलाती हो कि संभलके? यहाँ सब अपने आपको चैंपियन बताते हैं.”

“संभलके,” अंबरीन म्हणाली.

त्यानं तिच्या हनुवटीपेक्षा जराशी उंच अशी मला तिच्या शेजारी उभी केली. खुदेजानं मला खालीवर न्याहाळलं.

“एक बोट लांब घे गो. वाढत्या मापाची बरी.”

“अम्मी, मी बावीसची हाय. आता कुठं वाढणार?”

“मग फ्रॉक घेतल्यासारखं मोजत काय बसलीस? घे ती.”

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, मी आजही सांगते, त्या दिवशी कुणाचीच चूक झाली नाही. मापाला मी योग्य होते, कामाला योग्य होते, आणि अंबरीनलाही मी मनापासून आवडले होते.

मग ताबिशनं माझ्यावर पकडी बसवल्या. बूट धरून ठेवतात त्या पकडी. एक पुढं, एक मागं. प्रत्येकीवर एक छोटी खिडकी असते, आत आकडा दिसतो आणि बाजूच्या स्क्रूनं तो कमीजास्त होतो. तो आकडा वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी पाहून ठरवतात. त्यानं तिचा पाच ठरवला. पुनःपुन्हा ओढून पाहिला आणि म्हणाला, “बस. अब इसको कोई हाथ नहीं लगाएगा.” अंबरीननं मान हलवली. हे तिला पाठच होतं.

आता तिच्या अब्बांविषयी सांगायला हवं. जहूर सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फोरमन होता. यंत्र बंद पडलं की त्याला हाक जायची. तिथं पूर्वी एकदा यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावरच्या जाळीचा बोल्ट ढिला राहिला, जाळी निखळली आणि त्याचा जिवलग दोस्त हुसैनमियाँ याचा हात मनगटापासून गेला. जहूर शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून ढिली वस्तू म्हणजे त्याला वैरी वाटायची. घरातले नळ त्यानं असे आवळले होते की बंद केलेला नळ उघडायला पाहुण्यांना दोन्ही हात लागत. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायलाही खुदेजा त्यालाच बोलवायची. “तुमचं घर एखाद्या दिवशी गुदमरंल,” असं ती म्हणायची आणि तो मिशीत हसायचा.

एका शुक्रवारी तो लेकीचं कौतुक बघायला बौशरला आला. काचेपलीकडे उभा राहिला. अंबरीन झकास वळणं घेत खाली आली आणि शेवटी जरा चुकून पडली. पडताक्षणी मी टकदिशी सुटले. सुटायचंच असतं मित्रांनो, तेच तर माझं काम. पाय एकीकडे वळला आणि स्की दुसरीकडे राहिली तर मधल्या गुडघ्याची चिरगुटं होतात. म्हणून आम्ही सोडून देतो. अंबरीन हसत उठली, बर्फ झटकला, पुन्हा मला पायात घातलं. काचेपलीकडे जहूरचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

सुट्टीसाठी अंबरीन मला घेऊन त्याच्याबरोबर सोहारला घरी निघाली. गाडीत जहूरनं विचारलं, “ती पायातून निघाली कशी गो?”

अंबरीन फोनवर मैत्रिणीला काहीतरी लिहीत होती. “होतं असं, अब्बा. इट्स ओके.”

“चालत्या गाडीचं चाक निघालं तर ओके म्हणशील?”

“अब्बा, प्लीज. तुम्हाला नाय कळणार.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. इंग्रजीत तिनं घडाघडा सांगितलं असतं, मराठीत शब्द शोधावे लागले असते, आणि तेवढा कंटाळा तिनं केला. ती रात्र काही जहूरला चांगली गेली नसावी, कारण दुसऱ्या दिवशीही तो जेवताना मधेच थांबून माझ्याकडे बघत होता.

जॉर्जियाला निघायच्या आधीच्या दुपारी मी बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून होते. जहूर स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, मांडी घालून बसला आणि मला मांडीवर घेतलं. बिस्मिल्ला म्हणून त्यानं पहिला स्क्रू फिरवला. खिडकीतला आकडा सरकला. सहा, सात, आठ. मला ओरडायचं होतं, पण लाकडाला कसलं तोंड! त्यानं शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं आणि वर आणखी अर्धा पिळा दिला. माझं झाल्यावर बहिणीचं केलं. मग फडक्यानं आम्हाला पुसलं आणि माझ्यावर हात फिरवून म्हणाला, “खलास. आता माझ्या पोरीला सोडू नको हां.”

इतक्या मायेनं मला तोवर कुणी हात लावला नव्हता.

जॉर्जियाच्या डोंगरावर खरा बर्फ पडत होता. अंबरीननं तोंड उघडून तो जिभेवर घेतला आणि ती एकटीच हसली. मला पायात घालताना ती अडखळली. टाच दोनदा दाबावी लागली. “कडक का झालीय? थंडीनं असेल,” ती पुटपुटली. एवढी थंडी तिनं कधी पाहिलेलीच नव्हती, तेव्हा तिला ते पटलं. खिडकीतला आकडा बघायला ती वाकली नाही. ताबिशनं लावलेल्या आकड्याला कोण हात लावणार होतं?

परीक्षेच्या दिवशी पहिले उतार आम्ही छान उतरलो. परीक्षकबाईंनी मान डोलावली. मग झाडांजवळचा उतार आला. तिथं बर्फ ओला आणि जड होता. अंबरीन अगदी हळू चालली होती, आणि मित्रांनो, गुडघे जातात ते बहुधा असल्या हळू पडण्यातच. माझं टोक बर्फात रुतलं. तिचं अंग वळलं, मांडी वळली, मी जागच्या जागी. मी जीव तोडून सुटायला पाहिलं. स्प्रिंग जरासुद्धा हलली नाही. जहूरनं सांगितलं होतं त्याप्रमाणे मी त्याच्या पोरीला सोडलं नाही. मग तिच्या पायातून जो आवाज आला तो माझ्या लाकडानं ऐकला आहे. ती किंचाळली तेव्हासुद्धा मी तिच्या पायाला धरूनच होते. मला काढायला दोन माणसं लागली.

नडगीच्या हाडाचं वरचं टोक मोडलं होतं आणि गुडघ्याच्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. आधी तिथं, मग मस्कतला शस्त्रक्रिया झाली. मस्कतचे डॉक्टर म्हणाले, चालाल, पण लंगडत. घसरणं वगैरे विसरा. हॉलमधली शिक्षिकेची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

जहूर पेटून उठला. त्यानं मला गाडीत टाकलं आणि कुबड्या घेतलेल्या अंबरीनला घेऊन बौशरचं दुकान गाठलं. मॅनेजरला बाहेर बोलावलं. “आपके लड़के ने मेरी बेटी की ज़िंदगी बरबाद की,” तो ओरडला. मॅनेजर ताबिशला सगळ्यांदेखत म्हणाला की फिटिंग चुकलं असेल तर आजच सामान बांध. ताबिशचा चेहरा उतरला. तो माझ्याजवळ गुडघ्यांवर बसला, खिडकी अंगठ्यानं पुसली आणि आतला आकडा वाचला.

“अंकल, ये किसने टाइट किया?”

“मैंने किया!” जहूर छाती पुढं काढून म्हणाला. “तूने ढीला छोड़ा था. मैंने एंड तक टाइट करके दिया, फिर भी ऐसा हुआ. मतलब माल ही खराब है ना?”

मॅनेजर जमिनीकडे बघायला लागला. ताबिशनं अंबरीनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“क्या हुआ? सब चुप क्यों?” जहूरनं विचारलं. अजून त्याला समजलं नव्हतं.

अंबरीनला मात्र त्याच क्षणी सगळं समजलं. ती गप्प राहिली असती तर अब्बा वाचले असते आणि ताबिश घरी गेला असता.

“अब्बा, ती सुटायला पाहिजे होती.”

“काय?”

“मी पडले की ती... ओपन व्हायला पाहिजे. तशीच बनवलीय. टाइट असली की पाय फिरतो आणि ती फिरत नाय. मग पाय जातो.” ती रडत होती. “ताबिशभाईनं बरोबर केलं होतं, अब्बा.”

बूट घालून बघायला तिथं एक बाक होता. जहूर त्यावर बसला. त्यानं ताबिशला विचारलं, “बेटा, तूने कितने पे रखा था?”

“पाँच, अंकल.”

“लड़के की गलती नहीं,” जहूर मॅनेजरला म्हणाला. मग तो उठला, मला उचललं आणि गाडीकडे निघाला.

तेव्हापासून मी बाल्कनीत आहे. जहूरनं फोरमनचं काम सोडून कारखान्याच्या स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. पाना हातात घेतला की त्याची बोटं थांबतात. स्वयंपाकघरातला नळ टपटपतो, तो ऐकतो आणि उठत नाही. अंबरीन त्याला एकदाही टोचून बोललेली नाही. ती बौशरला जाते, खुर्चीवर बसून मुलांना हेल्मेट घालते. सुट्टीला घरी आली की तो विचारतो, “दुखतंय का गो?” ती म्हणते, “नाय अब्बा.” मग तो बाल्कनीत येतो आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. त्याच्या खांद्यांकडे बघून मला वाटतं, यापेक्षा त्यानं मला मोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका, आमच्या पोलादी कडा कोरड्या पुसा, एवढं तर कुठलीही स्की सांगेल. माझी विनवणी वेगळी आहे. तुमची एखादी वस्तू पाहून घरातल्या मोठ्या माणसानं ‘हे असं का?’ विचारलं, तर ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. शब्द सापडत नसतील तर हातानं दाखवा, चित्र काढा, पण सांगा. आणि मोठे झालात की ज्याच्यासाठी काही करायला निघाल, त्याला आधी हाक मारा. माया अडाणी असली की तिच्या हातात भलतं बळ येतं.

त्या दुपारी जहूर स्क्रू पिळत होता, तेव्हा अंबरीन पलीकडच्या खोलीत बॅग भरत होती. मोजे कुठं ठेवले ते तिला आठवत नव्हतं, म्हणून ती स्वतःशीच बडबडत होती, आणि तो तिचं बोलणं ऐकून हसत होता. मधलं दार उघडंच होतं.