वाळूला बरड म्हणू नका

खुशालराव सरांनी माझ्या चित्रांचं परस्पर बारसं उरकलं होतं. अमरावतीत त्यांनी भरवलेल्या माझ्या प्रदर्शनाच्या दारावर हातभर अक्षरांत फलक: 'बरड. मेलेल्या मातीची चित्रं. प्रणाली ठोसर, अकोला.' पाहुणे यायचेच बाकी होते. माझं डोकंच फिरलं.

बरड म्हणजे आमच्याकडे जिच्यात धड काही उगवत नाही ती जमीन. वऱ्हाडी माणूस कुठंही गेला तरी आधी जमिनीची जात काढतो. सरांनी तेच केलं. पिवळी दिसली, ओसाड दिसली, दिलं नाव ठोकून. भिंतीवर जैसलमेरपलीकडचं वाळवंट होतं. फोनवर बजावून सांगितलं होतं मी.

आत्महत्यांच्या बातम्या सुरू झाल्यापासून मुंबई-पुण्याला वऱ्हाडातून एकच चित्र हवं असायचं: भेगाळलेली काळी जमीन आणि कोपऱ्यात वठलेलं झाड. अहो, काळ्या मातीला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, चांगल्या सालीही पडतात! पण ऐकतो कोण. वर्षानुवर्षं भेगाच रंगवल्या, आणि शेवटी मला शेताकडे बघवेना. प्रत्येक धुऱ्यावर, बांधाबांधावर कोणाची तरी तेरवी आठवायची. ब्रश उचलेना.

म्हणून मावसबहिणीकडे जैसलमेरला गेले, नुसता हवापालट. पहिल्याच सकाळी वाळूच्या टेकडीची सावली चक्क जांभळी दिसली. वारा सुटला की टेकडीची कडच सरकायची. रेघ ओढेपर्यंत आकार बदललेला. मला हसू फुटलं. जेवणाचं भान उरलं नाही. त्या जमिनीवर कोणी आस लावली नव्हती, तिनं कोणाला फसवलं नव्हतं. तिच्याकडे नुसतं बघता येत होतं.

आणि आता हा फलक.

सर माझे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. एरवी त्यांच्यापुढे माझा आवाज चढत नाही, त्या दिवशी चढला. फलक काढा, नाहीतर चित्रं उतरवते म्हटलं. ते समजावू लागले, की पेपरवाले येणार आहेत, वऱ्हाडाचं दुःख म्हटलं की चित्रं मोठी होतात. मी म्हटलं, ती मुळात लहान नाहीत. मग त्यांचाही पारा चढला.

"इथं माणसं मरून राहिली, अन् तू वाळूचे रंग पाहून राहिली? लोकायले काय सांगू मी? लाज वाटू दे जराशी."

ते लागलं. कारण लाज मला वाटत होतीच, तिथं हसले त्या सकाळपासून वाटत होती. पण ती माझी लाज होती. तिच्यावर फलक ठोकायचा हक्क सरांना कोणी दिला? मी पहिलं चित्र खिळ्यावरून उतरवलं. मग दुसरं. सर मधे आले नाहीत. सगळ्यात मोठं एकटीला निघेना, तेव्हा मुकाट्यानं त्यांनी दुसरी बाजू धरली. धरली आणि तसेच उभे राहिले. चित्र त्यांच्या नाकासमोर होतं. बहुधा तेव्हाच ते त्यांनी नीट पाहिलं.

"काय पिकते तिथं?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई, सर. म्हणून कोणी पेरत नाई, अन् कोणी मरतही नाई."

सरांनी आपली बाजू उचलली. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. आम्ही दोघांनी चित्र तिरपं केलं आणि पाहुण्यांच्या समोरूनच दाराबाहेर नेलं.