वर्षाने दिलेला चेंडू

वर्षा राठोड अडतिसाव्या वर्षी नेपाळला फुटबॉल खेळायला गेली, तेव्हा घाटंजीजवळच्या तिच्या तांड्यावर कुणालाच ते पटलं नाही. बारा वर्षं भारताकडून गोल करणारी बाई, आणि आता कालपरवा सुरू झालेल्या बायकांच्या लीगमध्ये? पण पहिल्या रविवारी तिच्या याडीने, म्हणजे आई मोतीबाईने, कापसाची वेचणी अर्ध्यावर सोडली आणि तिच्यामागून सगळा तांडा सेवालाल महाराजांच्या मंदिरातल्या टीव्हीपुढे येऊन बसला. महिन्याभरात पांढरकवड्याहूनही लोक येऊ लागले. काठमांडूचा निवेदक सामन्याआधी यवतमाळकरांना नमस्कार करू लागला.

एका सामन्यात बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला वर्षाच्या संघाला पेनल्टी मिळाली. वर्षाने चेंडू उचलला आणि सबिना नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हातात दिला. सबिनाने गोल केला, तरी मोतीबाईला चुटपुट लागली. संध्याकाळी तिने फोन लावला.

"काहून देला तिले बॉल? लोकं तुले पाहाले आलते न!"

"म्हणूनच देला, याडी," वर्षा हसली. "मी अजून किती खेळन? मी गेल्यावरबी लोकायनं ही लीग पाहाली पाह्यजे."

पुढच्या रविवारी गुडघा दुखावल्यामुळे वर्षा खेळणार नव्हती. आज मंदिर रिकामं असेल, असं मोतीबाईला वाटलं. पोचली तर बसायला जागा नव्हती, आणि बाया एकमेकींना विचारत होत्या, "सबिना आली का वं?"

मोतीबाईने डोळे पुसले.

"सरका जराशा," ती म्हणाली, "मलेबी पाहू द्या."