श्वास धरून घेतलेलं माप

मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, मी एक जुनी, पिवळी पडलेली मापाची टेप आहे. माझे पहिले तीन आकडे बोटांनी घासून पुसले गेले आहेत आणि एका टोकाची पत्र्याची पट्टी कधीच गळून पडली. तरी माझा राग शाबूत आहे. आज तो सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. शेकडो बहिणींबरोबर गुंडाळलेली मी संग्रामपूरच्या बाजारात आले आणि तिथून गौसियाआपाने मला सोनाळ्याला आणलं. तेव्हा तिने नुकतंच घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकलं होतं. एकोणीस वर्षं झाली. सकाळी आपा मला गळ्यात घालते, संध्याकाळी खुंटीला टांगते. सुरुवातीची वर्षं माझा मोठा मान होता. बाया यायच्या, हात वर करायच्या, आपा आकडा मोठ्याने बोलायची आणि वहीत लिहायची. शिवलेला ब्लाउज घालून बाई पाण्याचा हंडा उचलू शकली की आपा म्हणायची, "जमला!"

मग हळूहळू माझ्याकडे पाहून मुली नाक मुरडू लागल्या. मी कंबरेला टेकले रे टेकले की पोट आत! श्वास बंद! जणू मी मास्तरीण आहे आणि हातात छडी घेऊन उभी आहे. "आपा, एक इंच कमीच लिहा न," असं लाडीगोडीने सांगायच्या. आता कापड माणसाच्या अंगावर बसायचं की वहीतल्या आकड्यावर? पण ऐकतं कोण! त्यातून आमच्याकडे मापाचा ब्लाउज द्यायची पद्धत. जुना ब्लाउज आणून टाकायचा आणि "असाच शिवा" म्हणायचं. मग मी आपाच्या गळ्यात नुसती लोंबकळत राहायचे.

या वर्षी प्रेरणा आली. संग्रामपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी, सावळी, भरल्या अंगाची आणि बोलायला लागली की दुकानातली शिलाई मशीनही थांबवायला लावणारी पोरगी. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिच्याकडे आलं होतं. ते चांगलं झालं तर सर तिला बुलढाण्याच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवणार होते. ती याच स्पर्धेची वाट पाहत होती.

तिने पिशवीतून एक ब्लाउज काढला. "आपा, याच मापाचा शिवा."

आपाने तो उलटसुलट करून पाहिला. "काऊन वं पोरी, हा तं तुह्या अकरावीतला हाय न? मले माप घेऊ दे. दोन मिनिटाचं काम हाय."

"नोको आपा. टेप पाह्यली का मले टेन्शन येते. एकवीस दिवस हायेत अजून. तोवर मी बारीक होऊन जाईन. मोबाईलात एक ताई सांगून राह्यली, रात्री जेवाचं नाही, सकाळी फक्त निंबूपाणी."

"अन् आईची पिवळी साडी नेसणार होतीस न?"

"सावळ्या पोरींनं पिवळं घालू नाही म्हणते ते ताई. मैत्रिणीची फिक्की गुलाबी आणली."

माझा पारा चढला. त्या ताईने प्रेरणाला कधी पाहिलं होतं का? तिच्या दंडाचा घेर, तिच्या खांद्याची ठेवण, तिची कॉलेजला जायची धावपळ, यातलं तिला काय ठाऊक? मी वीतभर अंतरावर होते, मला कुणी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला किती नाही म्हणायचं म्हणून आपानेही हात टेकले आणि अकरावीच्या मापाने ब्लाउज शिवला. फक्त दोन्ही बगलांत दीड-दीड इंच कापड आत दुमडून ठेवलं.

संमेलनाच्या दिवशी मुलींना साड्या नेसवायला आपालाच बोलावलं होतं. तिच्या गळ्यात मी होतेच. प्रेरणाचे गाल बसले होते, पण कंबर काही त्या ताईच्या हुकमाने चालली नव्हती. हुक ओढून ओढून लावले. आदल्या दुपारपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"आपा, कशी दिसून राह्यली मी?"

"दिसण्याचं सोड, तुले श्वास घेता येते का?" आपाने विचारलं. प्रेरणाने होकाराची मान हलवली आणि स्टेजवर गेली.

पहिलं वाक्य कसंबसं पूर्ण झालं. दुसरं मध्येच तुटलं. जी मुलगी एका दमात चार वाक्यं बोलायची, ती चार शब्दांना थांबू लागली. मागच्या बाकांवरून टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या. तिने जोर लावून श्वास ओढला आणि पाठीचा हुक तटकन तुटला. पदर सावरत ती खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सरांनी माईक तिच्याच वर्गातल्या प्रतीक्षाच्या हातात दिला.

पडद्यामागे आपाने बगलेची शिलाई उसवली, आत ठेवलेलं कापड सोडलं आणि पाच मिनिटांत टाके घातले. पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की तिच्या तोंडात कोंबली. प्रेरणाचा श्वास मोकळा झाला, पण तोवर कार्यक्रम निम्मा झाला होता आणि प्रतीक्षा छान बोलत होती. संध्याकाळी सरांनी बुलढाण्यासाठी प्रतीक्षाचंच नाव दिलं.

"चूक माही बी हाय," आपा म्हणाली. "मी काऊन ऐकलं तुह्यं?"

प्रेरणा नुसती रडत राहिली. मला इतकी चीड आली की काय सांगू! मैत्रिणींनो, माझ्यावरचा आकडा म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत, की मनासारखे नाहीत म्हणून लाजावं आणि लपवावं. तो फक्त कापडाला सांगायचा निरोप आहे.

पंधरा दिवसांनी प्रेरणा पुन्हा दुकानात आली. हातात आईच्या पिवळ्या साडीचं ब्लाउजपीस होतं.

"आता कोणतं फंक्शन?" आपाने विचारलं.

"कोणतंच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नाव देणार हाय मी." तिने दोन्ही हात वर केले. "घ्या माप."

आपाने मला तिच्याभोवती गुंडाळलं आणि थांबली. "अशी नाही. आधी खोल श्वास घे. पूर्ण भर. मंग माप."

तिने श्वास भरला. आपाच्या बोटांतून मी सरकत सरकत पुढे गेले. एकोणीस वर्षांत माझ्या आत उभी राहून छाती भरून श्वास घेणारी ही पहिली मुलगी. आपाने आकडा मोठ्याने सांगितला आणि प्रेरणाने तो स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.

मैत्रिणींनो, माझ्यासारख्यांना जपा, असं सांगायची रीत आहे. पण मला जपू नका. मी विटले आहे, नवी टेप आणा. फक्त तिच्यासमोर उभ्या राहाल तेव्हा श्वास धरून ठेवू नका.